अंगाला लागलेलं

रात्री साडेनऊला हिंगमिरेमामा किल्ल्या खुळखुळवत येतात,
"मॅडम, झाली का झुरळांची जेवणं?"
रोजचाच विनोद.
मी लाल दिव्याखाली, मांडीवर वही.

काचेच्या डब्यात नर पंख उचलतो.
नाच नाही, गाणं नाही,
दुकानाचं शटर वर ढकलावं तसं
पाठ उघडी करून उभा राहतो.
मादी मिशांनी चाचपते, चढते,
पाठीवरचं काहीतरी चाटत राहते,
चार सेकंद, सहा, कधी नऊ.
मी सेकंद लिहिते.

ते काहीतरी म्हणजे
आतून पाझरून कातडीवर आलेलं,
थोडी साखर, थोडी चरबी, प्रथिनं.
परवा एकाला पुसून काढलं,
ओल्या कापसानं, हलक्या हातानं.
डब्यात सोडल्यावर त्यानं पंख उचलले.
ती आली. चाचपलं. निघून गेली.
त्यानं पुन्हा उचलले.
मी सेकंद लिहायचं विसरले.

कापूस पिळून ते पाणी जेलवर चढवलं.
निळ्या पट्ट्या उमटल्या.
नराची एक ठसठशीत,
मादीच्या रांगेत तिथं कोरी जागा.
सर म्हणाले, अजून तीनदा करा,
पी हळद नि हो गोरी असं इथं नसतं.

हळदीचं मला सांगतात.
मी हरिपूरची.
अण्णा पेवात उतरायचे.
आधी दोरीनं कंदील सोडायचा,
तो विझला नाही तर माणूस.
वर यायचे ते पापण्यांसकट पिवळे.
लग्नात हळद लावायला आलेल्या बायका
हातातली वाटी तशीच धरून हसल्या म्हणे,
ह्याला आता कुठं लावायची?

मग पुराचं पाणी पेवांत शिरलं
आणि अण्णा मिरज रोडच्या कोल्ड स्टोरेजला लागले.
निळा गणवेश, साबणाचा वास.
पहिल्या पगाराच्या दिवशी लाईट गेलेली,
ते दारात चपला काढत होते,
आणि आई चुलीपुढून ओरडली,
"कोण?"

वीस वर्षांचा संसार तेव्हा.
अण्णांनी नाव नाही सांगितलं.
खोकले नुसते.

चौथ्या रात्री त्या नराच्या पाठीवर
पुन्हा बारीक ओल चमकली.
नोंद केली. वेळ लिहिली.
मादी अजून डब्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात,
एक मिशी तेवढी हलली, या बाजूला.
हिंगमिरेमामा, दिवा घालवू नका,
थांबा जरा.