हिंगणघाटपर्यंत

नखातेंच्या मुलाने लग्नाआधी घेतली,
लग्न झालं, विकली.
दोन हजारांत आमच्या हॉलमध्ये आली
आणि दीड वर्ष तिच्यावर टॉवेल वाळले.
हँडलला माझी पिशवी, सीटवर ह्यांचा पेपर.
चाक एकच, तेही जमिनीला न टेकणारं.

मग डॉक्टर खोरगडे म्हणाले,
गुडघे तुमचे आहेत, ताई,
आणि त्यांच्यावरचे एक्याऐंशी किलोही तुमचेच.

फिरायला जा म्हणणं सोपं.
मानेवाड्यात मे महिन्यात
सकाळी नऊलाच कुत्री नालीत उतरून बसतात.
मी टॉवेल उचलले,
सायकल ओढत कूलरच्या तोंडासमोर आणली,
गाऊन खोचला
आणि दार आतून लावून घेतलं.

मला सायकल येत नाही.
लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, ह्यांनाही ठाऊक नव्हतं.

हिंगणघाटला घरात एकच होती, गुणवंताची.
दसऱ्याला तिचे आरे पुसायचे मी,
झेंडू बांधायचे मी,
तो शिकला तेव्हा कॅरिअर धरून
मागे धावले तीही मीच.
सोडू नको व, कुंदे, सोडू नको, तो ओरडत राहिला.
मी केव्हाच सोडलं होतं.
माझी पाळी आली तेव्हा आई म्हणाली,
पडली-झडली तर कोण करीन तुला?

ही पडत नाही.
पडायला हिला जागाच नाही,
एका बाजूला दिवाण, दुसऱ्या बाजूला कूलर.

पहिल्या दिवशी चार मिनिटं.
छातीत भाता, पायात शिसं,
पडद्यावर शून्य पॉइंट नऊ.
म्हणजे ओंकारनगरचा चौकही नाही.
दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे निघाले.
नरेंद्रनगरचा पूल चढताना
(पूल नव्हताच, पण मांड्यांना कळलं)
घामाने डोळे मिटले.
वर्धा रोडला लागले त्या आठवड्यात
वजन दोनशे ग्रॅम वाढलं होतं.
रविवारी ह्यांनी तर्री-पोहे आणले.
त्या दिवशी खापरीलाच मुक्काम.

कमी काय झालं, ते काट्याने उशिरा सांगितलं.
आधी पाटल्या मनगट सोडून
कोपराकडे सरकू लागल्या.
मग एकदा टाकी बघायला गच्चीवर गेले,
वर पोचल्यावर लक्षात आलं,
मधल्या पायरीवर टेकले नाही.

बुटीबोरीच्या पुढे हे पेपरमागून विचारायला लागले,
आज कुठवर?
जामच्या चौकात तर मठ्ठ्याचा ग्लास धरून उभे.
हसले नाहीत, तेवढं बरं केलं.

गुरुवारी दुपारी लाइट गेली.
कूलर थांबला, खसाचा वास तेवढा मागे राहिला,
आणि पहिल्यांदा मला सायकलचा आवाज ऐकू आला,
तेलातल्या साखळीचा, बारीक, एकसारखा.
पडद्यावर सत्त्याहत्तर.
पाय चालूच ठेवून मी फोन लावला.

कुठी आहेस व?
तुझ्या दारात.
म्हंजे?
सायकलनं आली.

बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
जड, घरघरता,
पलंगावरून फोनपर्यंत आल्यानेच दमलेला.
मी मोजत बसले तो श्वास.
मग म्हणाला, तुले कुठी येते सायकल?

त्या दिवशी मी कॅरिअर सोडलं होतं, दादा,
पार मारोतीच्या देवळापाशीच.
त्याला आठवेना.
नाही व, तू धरूनच होतीस.

मी वाद घातला नाही.
खोरगडेंचा नंबर लिहून घे म्हणाले,
त्याने पेन शोधायला वेळ लावला.

लाइट आली.
कूलरने आधी गरम वारा,
मग तोंडावर पाण्याचा शिंतोडा उडवला.
वजन अठ्ठ्याहत्तर. परत यायचं ते वेगळंच.
हे धुतलेले टॉवेल हातात घेऊन उभे,
आता हे कुठे टाकू?

मी अजून उतरले नव्हते.