एकशे ऐंशी

बाहेर चव्वेचाळीस.
भद्रावती पेठेत भर दुपारी
पत्र्यावर नुसता टाकला तरी पापड कडकडतो,
आणि माझ्या ओव्हनमधला केक
मध्ये ओला.

कडा तांबूस, माथा चिरलेला,
सुरी घातली की सुरीला चिखल.
नव्या पेठेतून हप्त्यावर आणलेला ओव्हन,
चार हप्ते अजून फेडायचे.

मी सगळं करून बघितलं.
दाराच्या रबरात शंभराची नोट धरली, दार लावलं, ओढली.
सुटली नाही. म्हणजे फट नाही.
ट्रे खालच्या खाचेत, मग मधल्या.
काटा दोनशेवर लावून वाटीत चमचाभर साखर ठेवली,
वितळायला हवी होती.
वीस मिनिटांनी दाणे तसेच,
नुसते गरम, एकमेकांना चिकटलेसुद्धा नाहीत.
गुडघ्यावर बसून काचेतून बघितलं:
वरची कांडी लाल, खालची कांडी लाल,
पण विझत आलेल्या विडीच्या टोकासारखी लाल.

मग नरसय्या वंगारींना बोलावलं.
टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगाच्या हौदावर.
कुठल्या रंगाला किती ऊन पाणी,
हे मनगटाच्या आतल्या बाजूनं सांगायचे.
त्यांनी बटण उपसलं. मागे बारीकसा स्क्रू.
मी म्हटलं, हाच फिरवतात म्हणे.
"राहू दे की अक्का. त्याची काय चूक?"
बोर्डाचं झाकण काढलं, मीटरच्या सुया टेकवल्या
आणि गल्लीकडे कान केला.

खटाखट, खटाखट.
गड्डमांचे आठ माग, चिलवेरींचे सहा,
कोपऱ्यावर दासरींचे चार,
एका डीपीवर आम्ही सगळे.
"हे बघा. बटणावर एकशे ऐंशी,
तारेतबी एकशे ऐंशी.
पायजेत दोनशेतीस.
उपाशी हाय ओ ते. तापतंय, पण पोचत नाय."

तेव्हापासून मी मागांच्या वेळेनं भाजायला लागले.
त्यांच्या सुट्टीला नानकटाई.
एरवी काटा दोनशेवीसवर, वेळ दीडपट.
वहीत लिहून ठेवलं:
दासरी बंद, पंचेचाळीस मिनिटं.
चिलवेरी चालू, पंचावन्न.
सगळ्यांची रात्रपाळी, ऑर्डर घ्यायची नाही.
मैदा, साखर, लोणी दुसऱ्या पानावर,
पहिल्या पानावर शेजारी.

वर्षभर जमलं.
मल्लम्मांच्या नातवाचा वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन,
एकदा तर दोन मजली.

संक्रांतीच्या सुमारास एक करपला.
वाटलं, मीच विसरले.
दुसराही करपला. धूर थेट रस्त्यापर्यंत.
पुन्हा वाटी, पुन्हा साखर:
बघता बघता पाक, मग तपकिरी,
मग वाटीच टाकून द्यावी लागली.

नरसय्या आले. सुया लावल्या.
दोनशे अठ्ठावीस.
काही बोलले नाहीत.
मला स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली,
आधी कधी आली नव्हती.

दासरींचे माग उन्हाळ्यात टेम्पोतून भंगारात गेले,
मी गॅलरीतूनच बघितलं होतं.
चिलवेरींनी दिवाळीआधी शटर ओढलं,
तेव्हा मी चकलीच्या ऑर्डरी मोजत होते.
गड्डमांचे दोन चालतात, तेही दिवसाआड.

"चांगला हाय आता ओव्हन," नरसय्या म्हणाले,
बटण जागेवर दाबत.
करपलेला माथा सुरीनं खरवडून
मधला तुकडा खाल्ला, उभ्या उभ्याच.
"झालाय की मस्त आतनं."

ते गेल्यावर वही उघडली.
चिलवेरींचं नाव खोडलं नाही.
पुढचं पंचावन्न खोडलं,
पस्तीस लिहिलं.