हक्कसोड

घुब्र्याच्या कारखान्यात आम्ही समुद्र गोडा करतो.
गोड्या पाण्यात मीठ किती उरलं, ते बघायचं काम माझं.
बावीस वर्षं. शून्य कधी येत नाही.
आलंच, तर मीटर बिघडलाय समजायचं.

आता दर महिन्याला अल खूदच्या इस्पितळात
शम्सा माझ्या दंडाला रबरी पट्टा आवळते
आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत मला भरून घेते,
माझ्यात मी किती उरलोय ते बघायला.

उरलो तर वाईट.
हे कळायला वेळ लागला.
डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून सांगितलं:
तुमची मज्जा जाळली, तिथे बहिणीच्या पेशी पेरल्या.
आता रक्तात दोघांचे वाटे मोजत राहायचे.
तिचा शंभराकडे जायला हवा.
तुमचा वाढला, तर जुना आजार दार ढकलतोय.
ते इंग्रजीत बोलत होते. वाटा हा शब्द माझा.

कुंदा व्हिजिट व्हिसावर आली.
पाच दिवस सुया. कंबर, मांड्या, बरगड्या ठणकायच्या.
बाळंतपणापुढे हे काहीच नाही, म्हणायची.
मग साडेचार तास यंत्राला जोडलेली:
एका हातातून रक्त जायचं, दुसऱ्यातून परत यायचं,
मधल्या वाटेवर माझ्यासाठी थोडं बाजूला निघायचं.
त्याआधी संमतीचा फॉर्म समोर आला, तेव्हा तिने विचारलं,
"कुठे करू सही?"

तोच आवाज.
देवरुखच्या निबंधक कार्यालयात, सतरा वर्षांपूर्वी,
पेनाचं टोपण काढून तिने हेच विचारलं होतं.
मी कागदावर बोट ठेवलं होतं. इथे. आणि इथे.
सव्वीस गुंठे, काजूची एकोणीस झाडं, एक विहीर.
सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं.
येताना मी तिला साडी घेतली
आणि हिशेब मिटला असं धरून चाललो.

खुणा जुळल्या म्हणून तिला देता आलं.
मोजायला मात्र जुळून चालत नाही.
शम्सा म्हणते, जिथे तुम्ही भावंडं वेगळी,
तेवढ्याच जागा मी बघते.
तीच चार अक्षरं पुन्हा पुन्हा:
तिच्यात अकरा वेळा, तुमच्यात चौदा वेळा.
पडद्यावर डोंगर उगवतात.
उंच ते तिचे. माझा एक, वारुळाएवढा.

तिसावा दिवस: तिचे चौऱ्याण्णव.
साठावा: अठ्ठ्याण्णव. सिस्टर अल्फोन्साने वॉर्डात हलवा वाटला.
नव्वदावा: एक्क्याण्णव.
कोणी काही वाटलं नाही.
एक गोळी कमी केली, म्हणजे तिच्या पेशींचे
हात मोकळे होतील म्हणे.
त्या तीन आठवड्यांत मी रात्री उठून
स्वतःच्याच हाडांशी भांडलो: सोड. सोड ना रे.
आयुष्यात काही सोडलं नव्हतं मी.

काल शम्साचा फोन. सत्त्याण्णव.
रक्तगटही पालटलाय.
पाकिटातल्या कार्डावर अजून बी छापलेला,
आत कुणीतरी ओ देतंय.
फक्त गालाच्या आतून कापसाने पुसून घेतलं,
तर तिथे जवळजवळ सगळा मीच, म्हणाली ती.

म्हणजे रक्त तिचं.
तोंड तेवढं माझं.

कुंदाला फोन लावला.
"किती आले रे?"
"तुझे सत्त्याण्णव."
"आणि तुझे?"
"तीन."
ती हसली. "तीन गुंठ्यांत काय पिकवणार तू?"

मी तोंड उघडलं.
तिकडे कुकरची शिट्टी झाली.
"थांब हं," म्हणाली, "गॅस बंद करून येते."

थांबलोय.