ओळीत वय, स्तंभात कारण

आधी ओळीत काय हवं ते निवड, मी सांगते.
मग स्तंभात काय. मग वर्ष, मग प्रभाग.
‘लिंग : ऐच्छिक’ वाचून तन्वीर हसतो.
कालच रुजू झालाय, हेल्मेट टेबलावरच ठेवतो,
मागच्या खुंट्या त्याला कुणी दाखवल्या नाहीत.

हस. इथे बरंच काही ऐच्छिक आहे.
वयाचे गट पाचपाचांचे घे, नाहीतर दहादहांचे.
शून्य ते एक मात्र वेगळं ठेव,
त्या एका वर्षात लोक फार मरतात.
लोक म्हणजे, बाळं.

आता हे बटण दाब आणि थांब.
पूर्वी याला तीन कारकून आणि एक पावसाळा लागायचा,
आता घरबसल्या कुणीही मागावं.
गोल फिरतोय तोवर मी डबा विसळून येते.

आलं? कसबा, भवानी पेठ, येरवडा, धनकवडी,
एकाखाली एक.
नुसत्या आकड्यांवर जाऊ नकोस.
जिथे माणसं जास्त तिथे मरणंही जास्त.
लोकसंख्येने भाग, लाखाने गुण,
मग येतो दर. सहा पूर्णांक तीन.
पॉइंट तीन माणूस कोण, हे मी विचारलं होतं
अठ्ठ्याण्णव साली, वैशंपायन साहेबांना.
चष्मा पुसत म्हणाले,
उरलेला पॉइंट सात वाचला असं समजा.

पाचाच्या आतला आकडा दिसणार नाही,
तिथे चांदणी येते.
ओळख उघड होऊ नये म्हणून, असं तळटिपेत आहे.
घर लहान असलं की आत कोण राहतं
ते शेजाऱ्यांना कळतंच.
आणि आडवी रेघ म्हणजे कुणीच नाही.

आणि या स्तंभापासून सावध : ‘हृदयक्रिया बंद’.
हृदय सगळ्यांचंच बंद पडतं रे.
फॉर्मवर तीन ओळी असतात,
लगेचचं कारण, त्यामागचं, त्याच्याही मागचं.
रात्री अडीचला डॉक्टर पहिली भरतो
आणि पेन पुढच्या खाटेकडे निघून जातं.

सहाला तन्वीर जातो.
मी आणखी एक तक्ता मागते.

दोन हजार अकरा. पुरुष. पस्तीस ते एकोणचाळीस.
हडपसर. उंचावरून पडणे.

आडवी रेघ.

म्हणजे त्या साली, त्या वयाचा, हडपसरात
परांचीवरून कुणी पडलंच नाही.
मग रोहिदासच्या चपला मला कुणी आणून दिल्या,
सिमेंट लागलेल्या,
साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत?

स्तंभ बदलते. हृदयक्रिया बंद : सतरा.
आहे. सतरांत आहे तो.
बाकीचे सोळा कोण, मला ठाऊक नाही,
चौदा वर्षं त्यांच्यात राहतोय.

दुरुस्तीच्या अर्जाला मुदत असते.
मला माहीत होतं, ते परिपत्रक मीच टाइप केलं होतं.
पण ठेकेदाराने वहिनीच्या हातात पाकीट ठेवलेलं,
पोरं दोन, धाकटी अंगावर पिणारी,
आणि ठरलं होतं की चक्कर आली म्हणायचं.
मीही म्हटलं.
साक्षीदार म्हणून सही कर ताई, म्हणाले,
तुझं अक्षर चांगलं आहे.

पडदा विचारतो, तक्ता जतन करायचा का.
उत्तर न देता मशीन बंद करते.

सकाळी तन्वीर उत्साहात.
मॅडम, तो हृदयक्रियेचा स्तंभ वगळू का?
कचरा आहे नुसता, दर सगळे बिघडवतो.
बरोबर बोलतोय पोरगा.
राहू दे, मी म्हणते.
आणि हेल्मेट तिथे नको,
कडेला आहे, पडेल.
मागे खुंटी आहे बघ.