सालांची पिशवी

उस्तीन्या कांदा सोलते तेव्हा
साल जमिनीवर पडू देत नाही.
दाराआडच्या खिळ्याला जाळीची पिशवी,
सप्टेंबरपासून भरत आलेली.
हात लागला की कोरडं कुजबुजते.
वजन म्हणाल, तर चिमणीएवढं.

पेइपुस तळ्याच्या या काठाला
गाव म्हणजे एकच लांबलचक गल्ली,
एका अंगाला पाणी,
दुसऱ्या अंगाला कांद्याचे उंच वाफे.
कांदे विकायचे, मासे विकायचे,
उरेल ते सूपात.
सालं तेवढी ईस्टरच्या अंड्यांना.
"अंड्यांना लागतात किती? ओंजळभर.
बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

म्हणून मार्चमधल्या एका बुधवारी
तिनं मला कुंपणावरून हाक मारली.
मी शेजारची, एस्टोनियन, हात रिकामे असलेली.
लोखंडी भांडं नको, म्हणाली,
लोखंडापाशी हा रंग रुसतो, शेवाळी होतो.
तुझं एनॅमलचं पातेलं आण,
टवका न उडालेलं.

टेबलक्लॉथ आदल्या रात्रीपासून
तुरटीच्या पाण्यात.
लिननचा, तिच्या आईच्या मागावरचा,
राखेनं, सोड्यानं, बर्फावर पसरून
पन्नास वर्षं पांढरा ठेवलेला.
"एक डाग दाखव," ती पाहुण्यांना म्हणायची.
लहानपणी मीही शोधला होता,
टेबलाखालून, मेणबत्ती धरून.
नव्हता.

सालं उकळू लागली, खिडक्या आंधळ्या झाल्या.
वास सूपाचा नाही,
भिजलेल्या वहीचा, थोडासा.
पाणी आधी चहा झालं, मग मध,
मग असं काही
जे तिच्या कोपऱ्यातल्या जुन्या प्रतिमांच्या कडेला
धूर खाऊन उरलंय.

कापड बुडवलं. ढवळायला
वल्ह्याचा तुटका तुकडा.
"सवेलीचं," ती म्हणाली. बस, एवढंच.
सवेली तिचा भाऊ, तळ्यापलीकडचा.
तळ्याच्या मधोमध सरहद्द आहे.
पाण्याला ती दिसत नाही, बर्फालाही नाही.
पूर्वी तो घसरगाडीवरून चहाला यायचा,
चहा पिऊन अंधारायच्या आत परत.
आता फोन येतो,
आणि दोघंही हवामानाबद्दल बोलतात.

तासाभरानं वर काढलं, पिळलं,
थंड पाण्यात तीनदा खळबळलं,
दोघींनी चार टोकं धरून
दोरीवर टाकलं.
तांबूस सोनं. माझ्या तोंडून अगं बाई निघालं.

मग दिसलं.

उजव्या कडेला एक गडद कडं,
पेल्याच्या बुडाएवढं.
त्याला चिकटून दुसरं, अर्धंच.
पुढे आणखी, आणि आणखी.
"चहा," उस्तीन्या म्हणाली.
"धुतला की गेला असं वाटतं.
धाग्यात दबा धरून बसतो,
रंग आला की उठून त्याचा हात धरतो."
डाव्या बाजूला फिकट बेटं,
जिथं तेल मुरलं होतं, तिथं रंग शिरलाच नाही.
ती बोट ठेवत गेली:
इथं बाबा, माशांच्या तेलाच्या हातांचे.
इथं अन्फीसा, लोण्याशिवाय घास न उतरणारी.
आणि हे, अगदी काठावरचं कडं –
बोट तिथं थांबलं –
"नेहमी इथंच ठेवायचा पेला.
आई ओरडायची, पडेल."

मला वाटलं, आता रडेल.
ती हसायलाच लागली, ओल्या कापडाला धरून.
"पन्नास वर्षं लोकांना सांगत आले
एकही डाग नाही म्हणून.
खोटारडी मी!"

उकळलेली सालं तिनं कांद्याच्याच वाफ्यात पुरली.
पातेलं मला परत दिलं, आतून पिवळं पडलेलं,
घासूनही न निघणारं.
रिकामी पिशवी पुन्हा खिळ्याला.

ईस्टरला मी गेले तेव्हा टेबल मांडलेलं.
समोवार सुरू, अंडी टोपलीत, त्याच रंगाची.
आम्ही दोघीच, पेले तीन.
तिसरा तिनं भरला,
काठावरच्या त्या कड्यावर अचूक टेकवला,
क्षणभर बघितलं,
मग दोन बोटांनी
थोडा आत सरकवला.