दर्याची

तुटलं नाही, म्हणाली ओफेलिया रिबेलो
म्हापशाच्या तिच्या खोलीत, एक्सरे खिडकीच्या उजेडाला धरून.
हाडं सगळी जागेवर.
फाटलाय तो आतला दोर, घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा,
थोडा, पुरता नव्हे.
मी म्हटलं, दोर फाटत नाही, उसवतो.
बरं, उसवलाय, म्हणाली.

शापोऱ्याच्या धक्क्यावर, बंदीच्या दिवसांत
फटूबाबच्या ट्रॉलरवर मी नाव घालत होतो.
निळ्यावर पिवळं, 'दर्याची' झालं होतं,
'लेक' राहिली होती.
'ची'ची वेलांटी नीट बसली का बघायला
एक पाऊल मागे सरलो,
तीस वर्षांची सवय.
फळी तेवढी लांब नव्हती.

रात्री घोटा नीरफणसाएवढा.
मग जांभळा, मग टाचेकडे ओघळलेला निळा,
आठव्या दिवशी कडेने शेवाळी,
शेवटी हळदीचा जुना डाग.
असे रंग उतरताना मी लाकडावर पाहिलेत,
स्वतःवर पहिल्यांदाच.
शेजारची शेवंती तेलाची वाटी घेऊन आली, रगडते म्हणाली.
ओफेलियाने फोनवरूनच अडवलं :
सुरुवातीला रगडायचं नाही.
म्हणून बर्फ. कारखाना बंदीत रिकामाच,
तरी त्याच्या बर्फाला बांगड्याचा वास.
टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं,
पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच,
घरात एवढा मान त्याला कधी नव्हता.
ब्रश पुसून, तेल लावून, झोपवून ठेवायचो मी.
पायांना धुतलं तेही टर्पेंटाईनने.

दोन आठवड्यांनी ती म्हणाली, आता लिहा.
हवेत, अंगठ्याने, एबीसीडी.
गुडघा हलवायचा नाही, सगळं घोट्यातून.
मी म्हटलं, मी मराठीत लिहितो.
तर मग मराठीत.

ग सरळ. ट सुद्धा.
ळ ला दोन्हीकडे वळावं लागतं,
तिथे डोळ्यांत पाणी आलं.
शिरोरेघ सगळ्यांत अवघड :
आडवा जाणारा पाय
नेमका त्याच दिशेला भितो.
चौथ्या दिवशी, तिला न सांगता,
'लेक' लिहिलं. मग रोज.

आणि एका पायावर उभं राहून दात घासायचे.
डोळे मिटले की बेसिन धरावं लागे.
ती म्हणाली, त्या दोरातून बातमी जाते,
पाऊल कुठे आहे ती.
तुमच्या पायाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.
पुन्हा पाठ करून घ्या.

बंदी उठली. फटूबाब थांबला नाही,
थांबेल कसा, डिझेल भरलेलं, खलाशी आलेले.
ट्रॉलर गेला तसाच, 'दर्याची'.
धक्क्यावर थट्टा सुरू. दर्याची कोण?
बायको, म्हणे कोणी.
उधारी, म्हणाला बर्फवाला.
मी खिडकीत, पट्टीला रबर अडकवून
पाऊल बाहेर, पाऊल आत,
तीस वेळा, मग पुन्हा तीस.

सप्टेंबरात चढलो फळीवर.
घोट्याला पट्टा, हाताला दोरी,
उतरत्या उन्हात पिवळ्याचा डबा.
काना घातला, मात्रा घातली,
मागे मात्र सरलो नाही.
फटूबाबच्या पोराला लांब उभं केलं :
बघ रे, सरळ आहे का?
बराच वेळ बघून तो म्हणाला,
'क' जरा कललाय.

असू दे, म्हटलं. उभा आहे ना.