वाकटीला वाळवंट दाखवलं

वरच्या मजल्यावरच्या पोतनीसांनी जैसलमेरहून
उंटाचे सतरा फोटो धाडले.
मी वाकटीला दाखवले. तिनं तिसरा उंट चाटला.
म्हटलं, चल, आपल्यालाही एक वाळवंट आहे,
कागदोपत्री माझ्या नावावर.

उलव्याहून निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते.
स्कूटरच्या पुढ्यात ती,
पंजे हँडलवर.
गाडी आपणच चालवतो असा तिचा समज आहे
आणि मी तो मोडत नाही.

घाई कुणालाच नव्हती.
गव्हाण फाट्यावर एक चहा, मग पुन्हा एक,
कारण वाकटीला तिथल्या काळ्या बोक्याशी
जुनं काहीतरी मिटवायचं होतं.
पुढे चांगुणाबाई ताडगोळे सोलत बसलेल्या.
'पलाट बगाला चाललास?'
आणि डझनावर दोन जास्त घातले,
आजाऱ्याला भेटायला निघालेल्याच्या
पिशवीत घालतात तसे.

द्रोणागिरी. सेक्टर बावन्न.
रस्ते आहेत, आखीव, चौपदरी.
रस्त्यांना गटारं आहेत, गटारांना झाकणं.
खांब आहेत, दिवे यायचेत.
'उद्यान' अशी पाटी आहे
आणि तिच्यामागे नजर जाईल तिथवर मुरूम.
वारा आला की तो उठतो,
चौकापर्यंत जातो,
कुणीच नसताना जरा थांबतो,
मग डावीकडे वळतो.

आमचा भूखंड एक्काहत्तर.
मिठागर गेलं तेव्हा मी पाळण्यात होतो.
साडेबारा टक्क्यांचा कागद आला
तेव्हा बाबांचं दिसणं गेलं होतं.
'केवढा आहे रे?'
मी त्यांचा हात धरून अंगणात चालवलं,
पावलं मोजत चार कोपरे दाखवले.
अंगण थोडं उरलंच.

वाकटीनं हद्दीचा दगड हुंगला,
एक फेरी मारली, पुन्हा हुंगला,
आणि त्याच्या पायथ्याशी बसून
रीतसर ताबा घेतला.
चौदा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

बारा वाजता सावली संपली.
अख्ख्या शहरात एकच उरली,
उभ्या ट्रेलरखाली.
तिथे बाडमेरचा खेताराम
स्टोव्हवर जाड रोट भाजत होता.
बंदरात नंबर लागायला अजून दीड दिवस.
सरकून बसलो तिघं.
ताडगोळा तो पहिल्यांदाच खात होता,
बी कुठे थुंकायची म्हणून शोधत राहिला.
मी म्हटलं, तुला इथं घरच्यासारखं वाटत असेल.
त्यानं मुरूम चिमटीत घेतला, चोळला, फुंकला.
'आमच्याकडे वाळू आपणहून येते,' म्हणाला.
'ही डोंगराची आहे. हिला इथं कुणी आणलं?'
मग रोटाचा तुकडा वाकटीपुढे मोडत,
जरा वेळानं,
'आणि तिकडे माणसं राहतात.'

दुपारभर ती एक्काहत्तरमध्ये खणत होती.
वर तांबडं.
हातभर खाली काळं, ओलं,
भरती ओसरल्यावर खाजणाला येतो तो वास.
नाक काळं करून आली
आणि माझ्या शर्टाला पुसलं.
कुणी बघत नव्हतं.
बोट लावून चाखलं.
खारट. अजून.

निघताना पोतनीसांना एकच फोटो पाठवला.
दगडाच्या वीतभर सावलीत
डोकं तेवढं मावलेली वाकटी,
बाकीची उन्हात.
लगेच उत्तर आलं,
'वा वा! उंट कुठाय?'

गव्हाण फाट्यावर बोका वाट बघत होता.
पण ती माझ्या पायांवर केव्हाच झोपली होती,
पंजांत आमची माती घेऊन.
तिथून पुढे गाडी
मलाच चालवावी लागली.